मुळाशी आपली माती

शेतीच्या विस्ताराच्या कामात माझी तीस वर्षे गेली. या काळात बियाणे बदलले, अवजारे बदलली, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले. पण मला कुणी विचारले की, साहेब, तुम्हाला हे काम शिकवले कुणी, तर मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातील गुरुजनांना मनोमन नमस्कार करीन आणि सांगेन की, निम्मे त्यांनी शिकवले आणि निम्मे सातवी पास झालेल्या एका कोरकू बाईने. ती अंगणवाडीत मदतनीस होती. तिचे नाव मी येथे लिहीत नाही. तिला ते आवडणार नाही. आम्ही सगळे तिला ताई म्हणत असू.

गोष्ट १९९७ सालची आहे. आदल्या वर्षी माझी बदली अमरावती जिल्ह्यातल्या धारणी तालुक्यात, म्हणजे मेळघाटात झाली होती. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून मी नवा होतो, वय तिशीच्या आतले, अंगात उत्साह भरपूर. धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके म्हणजे कोरकू लोकांचा मुलूख. कोरकू माणूस बाजारात मोडकी तोडकी हिंदी बोलतो, पण घरात कोरकूच बोलतो. ही भाषा मराठीची बहीण नाही, लांबची मावशीही नाही. तिचे नाते झारखंडकडच्या संथाळी, मुंडारी या भाषांशी आहे. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र मिळून सव्वासात लाखांच्या आसपास लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. मला तेव्हा यातले काही ठाऊक नव्हते. मला वाटे, आदिवासींची बोली म्हणजे जरा वेगळ्या ढंगाची मराठीच असेल.

जूनचा पहिला आठवडा होता. एका गावात ज्वारीच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक ठेवले. पटेलाच्या अंगणात पंचवीस-तीस माणसे जमली. त्यात बायाच जास्त. मी मडक्यात बियाणे घेतले, किलोला तीन ग्रॅम या प्रमाणात थायरम टाकले, मडक्याचे तोंड फडक्याने बांधले आणि हलवून दाखवले. मग भाषण केले. असे बियाणे पेरले तर रोप मरत नाही, पिकाला कसा जोम येतो, जोम धरला की कणीस कसे भरते, हे मी चार-पाचदा सांगितले. शेवटी बजावले, "हे औषध विषारी आहे. हे बियाणे खाऊ नका." लोक माना डोलवत होते. बाया एकमेकींकडे पाहून हसत होत्या. मला वाटले, कार्यक्रम छान झाला. उरलेले तीन-चार किलो बियाणे मी बायांच्या पदरात घातले आणि हजेरीपटावर अंगठे घेतले.

मोटारसायकलला किक मारणार, तोच अंगणवाडीची मदतनीस धावत आली. धाप लागलेली. म्हणाली, "साहेब, तुम्ही बायांना ज्वारी खायला सांगितली का?"

"अगं, खाऊ नका म्हणून सांगितलं! विष आहे ते."

ती कपाळावर हात मारून म्हणाली, "चला लवकर."

नाल्यावर दोन बाया ती ज्वारी धूत होत्या. एकीने आधीच धुऊन सुपात वाळत घातली होती, उद्या दळायला. ताई त्यांच्याशी भराभर कोरकूत बोलली. हातातली ज्वारी बायांनी तशीच खाली टाकली. परतताना तिने मला उलगडून सांगितले. कोरकूत जोम म्हणजे खाणे. मी पिकाला जोम, पिकाला जोम म्हणत होतो, आणि बाया ऐकत होत्या, साहेब खायला सांगतो आहे. त्या हसत होत्या त्या त्यालाच. 'खाऊ नका' मधले 'नका' त्यांना कळले नाही. 'खाऊ' मात्र बाजारातल्या 'खाओ' सारखे लागले. एवढी चांगली ज्वारी साहेबाने फुकट दिली, वर चार-चारदा खा म्हणाला, मग गरिबाने काय करावे?

त्या रात्री मला झोप लागली नाही. सगळ्या बाया बचावल्या, पण त्या माझ्या हुशारीने बचावल्या नाहीत. एका बाईला दोन्ही भाषा येत होत्या आणि ती वेळेवर धावली, म्हणून बचावल्या.

पुढच्या प्रत्येक प्रात्यक्षिकाला मी ताईला बोलावू लागलो. मी एक वाक्य बोले, ती ते कोरकूत सांगे. कधी कधी माझ्या एका वाक्याची ती पाच वाक्ये करी. मी विचारी, "एवढं काय सांगितलंस?" ती म्हणे, "तुम्ही औषध सांगितलं, मी रोग सांगितला. रोग कळल्याशिवाय औषध कोण घेईल?"

त्याच गावात जिल्हा परिषदेची शाळा होती. दोन खोल्या, पुढे पडवी. पाऊस आला की मी तिथे थांबत असे. पहिलीच्या वर्गात एक मुलगा होता, सहा-सात वर्षांचा, भिंतीला टेकून बसणारा. गुरुजी सांगत, "हा मठ्ठ आहे साहेब, तोंडच उघडत नाही." गुरुजी खालच्या मुलखातले, मनाने चांगले, घरदार सोडून एकटे राहणारे. मराठी मुलांना कळत नाही म्हणून ते हिंदीचा आधार घेत. एक दिवस पाढे म्हणून घेणे चालले होते. गुरुजी त्या मुलाला म्हणाले, "चल, अब तेरी बारी." मुलगा उठला आणि त्याने दोन बोटे वर केली. मोठी पोरे हसली. गुरुजींना वाटले, थट्टा करतो आहे. पोराच्या हातावर पट्टी बसली आणि तो पुन्हा भिंतीला टेकून बसला.

त्या दिवशी ताई अंगणवाडीची खिचडीची भांडी घासून पडवीत आली होती. तिने हे पाहिले. सगळी मुले गेल्यावर ती हळूच म्हणाली, "गुरुजी, रागावू नका. आमच्यात मिया म्हणजे एक, बारी म्हणजे दोन. तुम्ही बारी म्हणालात, त्याने दोन दाखवले. त्याचे उत्तर बरोबर होते."

गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मलाही माझी ज्वारी आठवली. मी तर पंचवीस-तीस मोठ्या माणसांपुढे बोललो होतो. मोठी माणसे निदान हसतात, आपसांत विचारतात. सहा वर्षांच्या पोराने कुणाला विचारावे? त्याला तहान लागली तर तो 'डा' म्हणणार. 'डा' म्हणजे पाणी हे शाळेत कुणालाच माहीत नसेल, तर चार दिवसांत ते पोर बोलायचे सोडून देते. आणि न बोलणाऱ्या पोराला आपण मठ्ठ म्हणतो.

गुरुजींचा मोठेपणा असा की, त्यांनीच पुढाकार घेतला. ताईला म्हणाले, "दुपारी तुझे काम संपले की माझ्या वर्गात येऊन बस." पगाराचा प्रश्न आला. पटेलाने गाव बसवले. दर घराने सुगीला एक पायली ज्वारी द्यायची ठरले. दिवाळीनंतर ताई वर्गात बसू लागली.

ती काय करीत असे ते मी पाहिले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नाहीतर अशी मदतनीस म्हणजे नुसती दुभाषी असा आपला समज होतो.

ती गुरुजींच्या शब्दाला शब्द लावीत नसे. धडा आधी गोष्टीसारखा कोरकूत सांगे, मग गुरुजी तोच मराठीत वाचीत. गोष्ट आधीच कळलेली असल्याने मुले मराठी शब्दाकडे कान देत. मोजणीला ती मोहाच्या बिया आणी. मिया, बारी, आफई, उफुन, मोनोई असे मोजून झाले की, त्याच बिया एक, दोन, तीन म्हणून मोजायच्या. बी तेच, हात तोच, फक्त नाव नवे. मुलाला वाटे, हे तर आपल्याला येतेच आहे. शिकण्याची गोडी तिथून लागते.

दुसरे काम तिने केले ते घराचे. मार्च-एप्रिलात पहाटे मोहाची फुले गळतात. सगळे घर टोपल्या घेऊन झाडाखाली असते. मुले शाळेत गैरहजर राहत आणि गुरुजी लिहीत, पालकांना शिक्षणाची आवड नाही. ताईने सांगितले, "गुरुजी, वर्षाचं मीठ-मिरची त्या फुलावर चालते. पोरगं नऊच्या आत मोकळं होतं." गुरुजींनी त्या महिन्यात पहिलीचे मुख्य शिकवणे दोन तास उशिरा सुरू केले. हजेरी भरली. मेळघाटात होळी हा सगळ्यांत मोठा सण. फगवा मागत फिरण्याचे दिवस संपेपर्यंत कुणी वर्गात येणार नाही, हेही तिने आधीच सांगितले, म्हणून धडे तसे आखले गेले.

तिसरे काम सगळ्यांत मोठे. ती वर्गात खुर्चीच्या शेजारी बसे. आपल्यासारखी दिसणारी, आपल्या आईसारखे लुगडे नेसणारी, आपल्या भाषेत बोलणारी बाई गुरुजींच्या शेजारी बसते, हे मुले रोज पाहत. आपली भाषा शाळेच्या बाहेर चपलांसारखी काढून ठेवायची नसते, हे त्यांना कुणी न सांगता कळले. तो भिंतीला टेकणारा मुलगा वर्षभरात पुढच्या ओळीत आला. दुसऱ्या वर्षी तो मराठी वाचू लागला. मग ताई त्याच्याशी मुद्दाम मराठीत बोले. ती म्हणे, "रोप वर आलं की काठी सैल करायची, नाहीतर काठीच धरून बसेल."

ताईने हे कुठे वाचलेले नव्हते, पण असे काम आपल्या राज्यात फार पूर्वी झालेले आहे. पुढे मी ठाणे जिल्ह्यातल्या कोसबादच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षणाला गेलो, तेव्हा तिथल्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाची ओळख झाली. आता तो भाग पालघर जिल्ह्यात आहे. या बाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबादला नेले. वारली मुले शाळेत येईनात, तर त्यांनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. गुरे राखणारी मुले येईनात, तर कुरणात शाळा भरवली. शाळेने मुलाकडे चार पावले चालत जावे, हा त्याचा अर्थ.

विलायतेतही हाच अनुभव आला. भारत, पाकिस्तान, वेस्ट इंडीज इकडची कुटुंबे तिकडे जाऊन राहिली. त्यांतली कितीतरी मुले घरी पंजाबी, गुजराती, उर्दू बोलत आणि इंग्रजी वर्गात मुकी होत. १९६६ च्या एका कायद्याने तिथल्या स्थानिक संस्थांना अशा वस्तीसाठी जादा माणसे नेमायला सरकारी पैसा मिळू लागला. पुढे दोन्ही भाषा जाणणाऱ्या मदतनीस बाया वर्गात शिक्षकांच्या जोडीला बसू लागल्या. श्रीमंत देशालाही यावर दुसरा सोपा उपाय सापडला नाही.

आपल्याकडे कागदावर तरतूद आहे. १९५६ साली घटनेत ३५०-क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते सांगते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा म्हणतो, शक्यतो मातृभाषेतून शिकवा. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही, जिथे शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत तेच सांगते. पण 'शक्य' हा शब्द मोठा लवचीक आहे. तो शक्य करणारे माणूस वर्गात बसलेले असावे लागते.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे.

१९९९ च्या जूनमध्ये तपासणीसाठी एक अधिकारी त्या शाळेत आले. मी परसबागेच्या कामाने तिथेच होतो. त्यांनी ताईकडे बोट करून विचारले, "ही बाई कोण? कोणत्या आदेशाने वर्गात बसते?" गुरुजींनी सगळे सांगितले. ते म्हणाले, "अंगणवाडीची बाई शाळेत कशी? गावाकडून धान्य कसे घेते? हे नियमात बसत नाही." गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. अधिकारीही माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही या भागात फिरता. तुमचे काय मत?"

वाचकहो, मला बोलायला एवढे होते की तासभर पुरले असते. ज्वारीची गोष्ट होती, दोन बोटांची गोष्ट होती. पण माझ्या बदलीचा अर्ज वर गेला होता. मनात म्हटले, कशाला वाकड्यात शिरा. मी म्हणालो, "साहेब, तो माझा विषय नाही."

ताई पदर सावरून उठली. मुलांच्या अंगावरून हात फिरवला आणि अंगणवाडीकडे गेली. माझ्याकडे तिने रागाने पाहिले असते तर बरे वाटले असते. तिने पाहिलेच नाही.

त्या वर्षी पहिलीत चौदा मुले बसली होती. होळीपर्यंत सहा उरली. बाकीची गुरांमागे गेली. गुरुजींनी जिवाचे रान केले, पण एकट्याने किती करणार? पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

ही गोष्ट मी विसरलो होतो असे नाही, पण तिच्यावर मी माती ओढली होती. ती उकरली गेली वीस वर्षांनी. २०१९ साली दसऱ्याच्या सुमारास मी रजेवर वाशीम जिल्ह्यातल्या माझ्या गावी होतो. सोयाबीनची सोंगणी जोरात होती आणि मेळघाटातून मजुरांची टोळी आली होती. मुकादम तरुण होता. खिशात वही, कानाला पेन. कुणाच्या वावरात किती एकर, किती मजुरी, किती उचल, सगळे नीट मराठीत लिहिलेले. आमच्या भावकीतल्या एकाने हिशेबात एक एकर कमी धरला, तर त्याने वही उघडून नम्रपणे दाखवले, "काका, ही बघा तुमचीच सही." मला कौतुक वाटले. गाव विचारले. त्याने सांगितले आणि माझ्याकडे निरखून पाहत म्हणाला, "तुम्ही ज्वारीवाले साहेब ना?"

तो भिंतीला टेकणारा मुलगा!

त्याच्या टोळीत त्याच गावची एक बाई होती, वयाने त्याच्याहून थोडी लहान. ती प्रत्येक वेळी मजुरीच्या नोटा त्याच्याकडून मोजून घेई. मी विचारले, "शाळेत गेली नाहीस?" मुकादमच म्हणाला, "गेली होती साहेब, एक वर्ष. पण तेव्हा ताई वर्गात नव्हती." त्याने ते सहज सांगितले. त्याला काय माहीत, ताई का नव्हती ते!

बाईचा सहा वर्षांचा मुलगा गंजीच्या सावलीत दगडांशी खेळत होता. टोळीबरोबर अशी पाच मुले होती. आमच्या गावच्या शाळेत त्यांना दोन दिवस बसवले होते, पण काही कळेना म्हणून ती पळून आली होती. या वेळी मात्र मी 'माझा विषय नाही' म्हणालो नाही. शाळेच्या मुख्याध्यापिकेकडे गेलो. त्या म्हणाल्या, "मुलं येऊ देत, पण त्यांच्याशी बोलायचं कुणी?" टोळीत मुकादमाची बायको होती, चौथी शिकलेली, मराठी बोलणारी. ती सकाळी दोन-तीन तास वर्गात बसेल, असे ठरले. ज्यांच्या वावरात टोळी काम करीत होती त्या आम्ही सात घरांनी तिची अर्ध्या दिवसाची मजुरी वाटून घेतली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पाचही मुले रोज शाळेत आली. जाताना त्यांना आपले नाव लिहिता येत होते. काम फार मोठे नाही, मला कबूल आहे. पण सात घरांना ते मुळीच जड गेले नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मिरचीचे, वांग्याचे रोप आपण गादीवाफ्यातून काढतो तेव्हा काय करतो? मुळे झटकून उघडी करत नाही. मुळाशी असलेली माती तशीच ठेवून, जपून लावतो. त्या मूठभर मातीवर रोप पहिले चार दिवस तग धरते, मग नव्या जमिनीत मुळे सोडते. परक्या भाषेच्या शाळेत आलेले मूल हे असेच रोप आहे. त्याच्या भाषेत बोलणारे एक माणूस वर्गात असणे म्हणजे त्याच्या मुळाशी त्याची माती असणे. त्याने मराठी मागे पडत नाही. उलट मराठी लागते ती त्यामुळेच.

आज आपल्या प्रत्येक गावात असे कुणी ना कुणी आहे. ऊसतोडीला आलेल्या टोळ्या, वीटभट्टीवरची कुटुंबे, सालावर राहिलेला परप्रांतीय गडी. त्यांची मुले घरी भिली, पावरी, कोरकू, हिंदी बोलतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेला जाल तेव्हा एवढेच विचारा, ही मुले शाळेत येतात का, आणि आली तर त्यांचे बोलणे वर्गात कुणाला कळते? कळत नसेल, तर त्यांच्यातलीच एखादी शहाणी बाई शोधा. ती फार शिकलेली नसली तरी चालेल. तिच्या मजुरीची सोय गावाने करावी, आणि तिला वर्गात खुर्चीशेजारी मानाने बसवावे.

मागच्या उन्हाळ्यात मी मेळघाटात गेलो होतो. ताई आता साठीला आली आहे, केस पांढरे झाले आहेत. ओसरीत बसून मी तिला त्या दिवशीचे सगळे सांगितले, माझ्या बदलीच्या अर्जासकट. ती ऐकत राहिली. मग आत जाऊन माझ्यासाठी भाकरी आणि तुरीची डाळ घेऊन आली, थाळी पुढे सरकवली आणि हसून म्हणाली, "जोम, साहेब."

या वेळी मला अर्थ कळला. मी जेवलो.